जुन्या पेटंटमध्ये हे आधीच आलंय का? रसायनाचा क्लेम तपासताना

जुनं पेटंट हातात आलं की पहिल्यांदा ते बाजूला ठेवून द्या. मी नवी होते तेव्हा उलट करायचे. आधी जुनं पेटंट वाचायचं, त्यातली संयुगं डोक्यात भरून घ्यायची आणि मग नवा क्लेम, म्हणजे अर्जदार नेमका कशावर हक्क मागतोय ते वाक्य, उघडायचा. मग क्लेममधला प्रत्येक शब्द ओळखीचा वाटायचा आणि 'हे तर तिथे आहेच' असं मन ठरवून मोकळं व्हायचं. बरीच वर्षं प्रयोगशाळेत संयुगं बनवून मी या कामाकडे वळले, आणि केमिस्टच्या डोळ्यांना साम्य शोधायची सवयच असते. इथे नेमकी तीच सवय नडते. दोन संयुगं किती सारखी आहेत हा इथला प्रश्नच नाही. क्लेममध्ये मागितलेली गोष्ट त्या एकाच दस्तऐवजात, सगळ्या अटींसह, आधी आलेली आहे का, एवढंच बघायचं. नसेल तर तिला नावीन्य आहे. 'त्यावरून सुचलं असतं' हा इन्व्हेन्टिव्ह स्टेपचा वाद, त्याची फाइल वेगळी.

तर आधी क्लेम. त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा एका ओळीत लिहायचा. मी आजही कागदावर तीन रकाने आखते. पहिल्यात क्लेमचा तुकडा. दुसऱ्यात जुन्या पेटंटमधले शब्द, जसेच्या तसे, पान आणि ओळीसकट. तिसऱ्यात माझ्या शंका. दुसऱ्या रकान्यात माझा स्वतःचा एकही शब्द जाता कामा नये. तिथे 'साधारण हेच' असं लिहावंसं वाटलं की समजायचं, तो तुकडा सापडलेला नाही.

तुकडे करताना जोडशब्द नीट बघा. क्लेममध्ये 'कम्प्रायझिंग' असेल तर दार उघडं आहे. जुन्या मिश्रणात आणखी चार घटक असले तरी क्लेममधले सगळे घटक त्यात असले की नावीन्य गेलं. 'कन्सिस्टिंग ऑफ' असेल तर तेच चार जादा घटक क्लेमला वाचवतात. 'अमुक पद्धतीने मिळणारं संयुग' असा क्लेम असेल तर पद्धतीवर फार वेळ घालवू नका. संयुग जुनं असेल तर ते नव्या वाटेने आणल्यामुळे नवं होत नाही.

मग तारखा. जुनं पेटंट क्लेमच्या प्रायॉरिटी तारखेआधी, म्हणजे ती गोष्ट पहिल्यांदा ज्या अर्जात मांडली त्याच्या तारखेआधी, प्रकाशित झालं असेल तर त्यातलं अक्षर न् अक्षर तुमच्या विरोधात वापरता येतं. पण अर्ज आधीचा आणि प्रकाशन नंतरचं, असं असेल तर देशागणिक हिशेब बदलतो. युरोपात युरोपियन पेटंट कराराच्या कलम ५४(३) खाली त्या अर्जाचा सगळा मजकूर धरला जातो, पण फक्त नावीन्यासाठी. भारतात पेटंट कायदा १९७० च्या कलम १३ मधली 'प्रायर क्लेमिंग'ची तरतूद लागते. तिथे जुन्या अर्जाच्या वर्णनात काय आहे यापेक्षा त्याच्या क्लेममध्ये काय आहे ते मोजलं जातं. म्हणजे तेच दोन कागद, आणि उत्तरं दोन असू शकतात. अर्जातल्या प्रत्येक क्लेमची प्रायॉरिटी वेगळी असू शकते हेही विसरू नका. आधीच्या प्रायॉरिटी अर्जात नसलेलं एखादं संयुग मागाहून घातलं असेल तर त्याची तारीख पुढे सरकते, आणि सुरक्षित वाटणारा क्लेम अचानक उघड्यावर येतो.

आता जुनं पेटंट उघडा. नियम एकच: सगळे तुकडे एकाच दस्तऐवजात हवेत. दुसऱ्या शोधनिबंधातून एक तुकडा उसना आणायचा नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ लावायला शब्दकोश चालतो. जुन्या पेटंटने स्वतःच 'अमुक दस्तऐवज इथे समाविष्ट समजावा' म्हटलं असेल तर तोही चालतो. आणि हे जास्त चुकतं म्हणून सांगते: त्याच दस्तऐवजातल्या पान ४ वरचा घटक आणि पान ३१ वरचं तापमान तुम्ही आपल्या मनाने एकत्र आणू शकत नाही. जोडणी त्या पेटंटने केलेली असावी लागते.

माझी पहिली मोठी चूक आकड्यांची होती. क्लेम होता एका लेपाचा: टायटॅनियम डायऑक्साइड, एकूण मिश्रणाच्या वजनाच्या ५.० ते १०.० टक्के. जुन्या पेटंटच्या एका उदाहरणात होतं, रेझिन १०० भाग, टायटॅनियम डायऑक्साइड ८ भाग, द्रावक ६० भाग. मी ८ वर गोल केला आणि 'नावीन्य नाही' लिहून टाकलं. अहवाल वरिष्ठांकडे गेला. त्यांनी काही न बोलता समासात पेन्सिलने लिहिलं: ८ भागिले १६८. म्हणजे ४.७६ टक्के. क्लेमच्या बाहेर. 'भाग' आणि 'टक्के' यांच्यातला फरक मला पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलपासून माहीत होता, पण हवा तो आकडा दिसला की हात कॅल्क्युलेटरकडे जात नाही. क्लेममध्ये नुसतं '५' असतं तर युरोपात वेगळी लढाई झाली असती, कारण तिथे आकडा त्याच्या शेवटच्या अंकापर्यंतच नेमका मानतात आणि ४.७६ हे ५ मध्ये मोडतं असं म्हणायला जागा राहते. एका शून्यावर इतकं अवलंबून असतं. तेव्हापासून प्रत्येक उदाहरण मी क्लेमच्या एककात बदलून घेतल्याशिवाय दुसऱ्या रकान्यात लिहीत नाही. मोल टक्के असो, कोरड्या घटकांवरचं प्रमाण असो, आधी रूपांतर.

आता खऱ्या डोकेदुखीकडे येऊ. जुन्या पेटंटमध्ये एक मोठा सर्वसाधारण फॉर्म्युला असतो, ज्याला आम्ही मार्कुश म्हणतो, आणि नव्या क्लेममधलं एकच संयुग त्यात चपखल बसतं. 'बसतंय ना? मग संपलं' असं म्हणणारे खूप भेटतात. पण बसणं वेगळं आणि सांगितलेलं असणं वेगळं.

मी ज्या प्रकरणावर हे शिकले त्याची थोडी बदललेली आवृत्ती देते. क्लेममध्ये एक पिरिमिडिन रिंग, तिच्यावर तीन जागा: पहिलीवर मिथाइल, दुसरीवर क्लोरो, तिसरीवर ४-पिरिडिल. जुन्या पेटंटचा फॉर्म्युला म्हणतो, पहिलीवर एक ते चार कार्बनचा कोणताही अल्काइल, दुसरीवर कोणताही हॅलोजन, तिसरीवर फिनाइल किंवा पिरिडिल. आता मोजा. अल्काइल: मिथाइल, एथाइल, प्रोपाइलचे दोन प्रकार, ब्युटाइलचे चार, मिळून आठ. हॅलोजन: फ्लोरो, क्लोरो, ब्रोमो, आयोडो, चार. तिसऱ्या जागी फिनाइल आणि पिरिडिलचे तीन, चार. आठ गुणिले चार गुणिले चार, १२८ संयुगं. त्यांतलं आपलं एक.

सर्वसाधारण वर्ग सांगितला म्हणून त्यातला प्रत्येक सदस्य सांगितला असं होत नाही, ही सुरुवातीची भूमिका जवळपास सगळीकडे सारखी. पण वर्ग लहान असला आणि जुन्या पेटंटने स्वतःच बोट दाखवलं असलं तर गणित फिरतं. अमेरिकेत १९६२ च्या पीटरिंग प्रकरणात न्यायालयाने जुन्या पेटंटमधल्या पसंत्या लक्षात घेतल्या. त्यांच्यामुळे वर्ग आक्रसून सुमारे २० संयुगांवर आला होता, आणि जाणकाराच्या डोळ्यांसमोर ती एकेक करून लगेच उभी राहतील, असं न्यायालयाने म्हटलं. नावीन्य गेलं. दुसऱ्या टोकाला ओलान्झापिन. २००९ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयासमोर आलेल्या जुन्या फॉर्म्युल्यात एकावर एकोणीस शून्यं इतकी संयुगं बसत होती. इतक्या गर्दीत एक औषध 'सांगितलेलं' होतं असं न्यायालयाने मानलं नाही.

२० आणि १२८ यांच्यामध्ये रेषा कुठे, असं मला नेहमी विचारतात. आकड्याची रेषा नाहीच. मी निवडी मोजते. आपल्या संयुगापर्यंत पोहोचायला वाचकाला किती ठिकाणी 'हे घेऊ' असं स्वतः ठरवावं लागतं, आणि त्यातल्या किती निवडी जुन्या पेटंटने त्याच्यासाठी आधीच केल्या आहेत. आपल्या उदाहरणात समजा पान ६ वर लिहिलंय, पहिल्या जागी शक्यतो मिथाइल किंवा एथाइल, दुसऱ्या जागी शक्यतो क्लोरो, तिसऱ्या जागी शक्यतो पिरिडिल. एकाच परिच्छेदात, एकाच दमात. आता दोन गुणिले एक गुणिले तीन, सहा संयुगं. अमेरिकेतला अर्ज असता तर मी पेटंटधारकाला झोपू नका म्हटलं असतं. याच तीन पसंत्या तीन वेगवेगळ्या पानांवर, प्रत्येकीपुढे आणखी लांब याद्या, अशा विखुरलेल्या असत्या तर माझं मत बदललं असतं.

युरोपात हाच विचार याद्यांच्या भाषेत चालतो. युरोपियन पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाच्या १९८२ च्या टी १२/८१ निर्णयापासूनची रीत अशी: बऱ्यापैकी लांबीच्या दोन याद्यांमधून एकेक निवडून जोडी लावावी लागत असेल तर त्यातून येणारं संयुग नवं मानता येतं. एकाच यादीतून एक उचलायचं असेल तर नाही. पण त्याच निर्णयातलं दुसरं वाक्य लोक विसरतात. नेमका सुरुवातीचा पदार्थ आणि नेमकी पद्धत दिली असेल तर त्यातून अटळपणे तयार होणारं संयुगही सांगितलेलंच, मग त्याचं नाव कुठे छापलेलं नसो.

भारतात जास्त सावध राहते. १ एप्रिल २०१३ च्या नोव्हार्टिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिब मेसिलेट आधीच्या झिमरमन पेटंटवरून ज्ञात असल्याचं धरलं. 'क्लेमची व्याप्ती मोठी, पण प्रकटन (म्हणजे पेटंटने प्रत्यक्ष उघड केलेली माहिती) छोटं' अशी रुंद दरी न्यायालयाने मान्य केली नाही. पेटंटधारक स्वतः बाहेर काय म्हणत आला तेही तिथे पाहिलं गेलं. अमेरिकेत या औषधासाठी मुदतवाढ झिमरमन पेटंटवरच मागितली होती. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डापाग्लिफ्लोझिनच्या वादात, एकाच औषधासाठी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पेटंटांचं उल्लंघन झाल्याचा दावा करणाऱ्यांना दाद दिली नाही. म्हणून भारतीय प्रकरणात मी तिसऱ्या रकान्यात आणखी एक प्रश्न लिहिते: जुन्या पेटंटच्या मालकाने हे संयुग जुन्या पेटंटखाली येतं असं कुठे लिहून दिलंय का?

एनँशिओमर म्हणजे एकाच संयुगाची, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेली दोन रूपं ('एस' आणि 'आर'); रेसिमिक मिश्रण किंवा रेसिमेट म्हणजे दोन्हींचं समसमान मिश्रण. रेसिमिक मिश्रण आणि एकच एनँशिओमर हा भाग त्यामानाने सरळ आहे. जुन्या पेटंटमध्ये फक्त रेसिमेट असेल तर वेगळा काढलेला एनँशिओमर साधारणपणे नवा. अमेरिकेत एसिटालोप्राम आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही या हल्ल्यातून वाचली. जुन्या नावात 'एस' किंवा 'आर' छापलंय का, एवढं मात्र भिंग लावून पाहा.

पल्ल्यांचं म्हणाल तर, जुन्या पल्ल्यातला एक प्रत्यक्ष बिंदू क्लेमच्या पल्ल्यात पडला की काम संपतं. १९८५ च्या टायटॅनियम मेटल्स प्रकरणात क्लेम होता मॉलिब्डेनम ०.२ ते ०.४ टक्के आणि निकेल ०.६ ते ०.९ टक्के असलेल्या मिश्रधातूचा. एका रशियन लेखातल्या आलेखावर एक ठिपका होता: ०.२५ आणि ०.७५. लेखाला त्या मिश्रधातूच्या गंजरोधकपणाचा पत्ताही नव्हता. त्याने फरक पडला नाही, कारण मिश्रधातू तोच होता. मी तेव्हापासून आलेखांवरचे ठिपकेही पट्टी लावून वाचते. नुसता मोठा पल्ला असेल, तर मात्र थांबा. ॲटोफिना प्रकरणात, २००६ साली, जुनं १०० ते ५०० अंश आणि क्लेम ३३० ते ४५० अंश, तरी नावीन्य टिकलं. २०१२ च्या क्लिअरव्हॅल्यूमध्ये जुनं '१५० पीपीएम किंवा कमी', क्लेम '५० पीपीएम किंवा कमी', आणि नावीन्य गेलं. फरक असा, की पहिल्यात तापमानाचा तो पट्टा अभिक्रियेसाठी कळीचा असल्याचं पेटंट सांगत होतं. दुसऱ्यात ५० च्या आत काही वेगळं घडतं असं कोणी दाखवलंच नाही. त्यामुळे पल्ला दिसला की वर्णनात शोधायचं, या सीमेवर काय बदलतं?

आता न लिहिलेलं, पण घडणारं. इथे सगळ्यात जास्त घाई होते. जुन्या पेटंटमध्ये स्फटिकरूपाचा उल्लेख नाही, पण 'ते उदाहरण केलं की हेच रूप मिळतं' असं समोरचा म्हणतो. प्रश्न एकच विचारा: दर वेळी? रॅनिटिडिन हायड्रोक्लोराइडच्या फॉर्म २ वरचा वाद याच एका शब्दावर संपला. जुन्या पेटंटच्या उदाहरण ३२ मधून एका बाजूच्या तज्ज्ञांना फॉर्म २ मिळालं, दुसऱ्या बाजूच्यांना फॉर्म १. कधी हे कधी ते, म्हणजे अटळ नाही. १९९५ मध्ये नावीन्य टिकलं. उलट लोराटाडिनचं बघा. ते घेतलं की शरीरात डेसलोराटाडिन तयार होतंच. जुन्या पेटंटने लोराटाडिन द्यायला सांगितलं होतं, म्हणून २००३ मध्ये अमेरिकेत त्या मेटाबोलाइटचा क्लेम पडला, जरी त्याचं अस्तित्व तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

उदाहरण पुन्हा करून बघायचं असेल तर ते छापलंय तसंच करा. किती वेगाने थंड केलं हे दिलं नसेल, तर सोयीचा वेग घेऊन एकदाच करू नका; कोणताही केमिस्ट वापरेल असे दोन-तीन वेग घ्या आणि सगळ्यांचे निकाल नोंदवा, न आवडणारेसुद्धा. आणि ज्या खोलीत नवं स्फटिकरूप आधीच हाताळलंय तिथे तर मुळीच करू नका. हवेतला एक कण बी म्हणून पुरतो, आणि मग मिळालेलं रूप जुन्या पेटंटचं की तुमच्या खोलीतल्या धुळीचं, हे कोणी सांगू शकत नाही.

कागदावर सगळं सापडलं तरी एक तपासणी उरते: ते बनवता येत होतं का? पॅरोक्सेटिनच्या मेसिलेट क्षाराच्या प्रकरणात, २००५ साली, हाउस ऑफ लॉर्ड्सने प्रकटन आणि बनवता येणं हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला सांगितलं. तिथे जुन्या अर्जातल्या इथेनॉलमधून स्फटिक येत नव्हते. पण जाणकाराने नेहमीच्या सरावाने दुसरं द्रावक शोधून ते मिळवले असते, म्हणून जुना अर्ज पुरेसा ठरला. फक्त नाव छापलंय, बनवण्याची वाट ना तिथे ना सर्वसामान्य ज्ञानात, असं असेल तर ते नाव मारक नाही. मात्र संयुग कशासाठी उपयोगी आहे हे जुन्या पेटंटला माहीत असण्याची गरज नसते. उपयोग नवा असेल तर युरोपात उपयोगाचा वेगळा क्लेम करता येतो. भारतात कलम ३(डी) ज्ञात पदार्थाच्या नुसत्या नव्या उपयोगाला पेटंट देत नाही.

त्या पिरिमिडिनकडे परत जाते. मी दोन दिवस फॉर्म्युला मोजत बसले होते. उदाहरण १४ मध्ये मिथाइल, क्लोरो आणि ३-पिरिडिल असलेलं संयुग होतं. शेजारचंच, पण आपलं नाही, म्हणून ते मी इन्व्हेन्टिव्ह स्टेपच्या फाइलकडे ढकललं. 'नावीन्य टिकतं, पण पसंत्यांमुळे धोका' असा मसुदा जवळपास लिहून झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पानांचे क्रमांक पडताळताना उदाहरण २२ उघडलं. ते मी सोडून दिलं होतं, कारण वर 'तुलनात्मक' लिहिलं होतं आणि शेवटच्या संयुगात दुसऱ्या जागी मॉर्फोलिन होतं, म्हणजे ते त्यांच्याच फॉर्म्युल्याबाहेर. पण मॉर्फोलिन जोडायला तिथे आधी काहीतरी असावं लागतं. पायरी (अ): मिथाइल, क्लोरो, ४-पिरिडिल. पूर्ण नाव, बनवण्याची कृती, वितळणबिंदूसुद्धा. एका ओळीनंतर पायरी (ब) मध्ये ते संपवून टाकलेलं.

मसुदा फाडला. दुसऱ्या रकान्यात लिहिलं, 'उदाहरण २२, पायरी (अ), पान ३८, ओळी ११ ते १९', आणि खाली निष्कर्ष: 'मधल्या पायरीतलं संयुग म्हणून नावासह आणि कृतीसह प्रकट. क्लेम १ ला नावीन्य नाही. क्लेम ४, औषधी मिश्रण, वेगळा तपासावा. पायरी (अ) मध्ये कोणताही वाहक पदार्थ नाही.'